माशांची डॉक्टर

पनवेल,
१२ जानेवारी २०२५

प्रिय मनिषावहिनीस,
अंकिताचा नमस्कार.

तिकडे करंज्याला घरी सगळे बरे असतील. निकेशदादाची बोट परत आली का? माझं इथे ठीक चाललंय. भामाआत्या उद्या तिकडे येतेय, तिच्याकडे नाचणीचे लाडू दिलेत. आईला देऊ नकोस, तिची शुगर वाढते. चिठ्ठी लाडवांखाली ठेवलीय, कारण फोन तू स्पीकरवर टाकतेस आणि शेजारी आई असते.

तू एकदा विचारलं होतंस, लॅबमध्ये दिवसभर करतेस काय. आमच्या माशांची अंडी आरपार दिसतात. पिल्लाचा मेंदू घडताना आत पोकळ्या होतात, त्यांत पाणी भरतं. भिंतीतल्या पेशी काही प्रथिनांनी एकमेकींना घट्ट धरून असतात, म्हणून ते पाणी टिकतं आणि पोकळ्या फुगतात. आम्ही त्यातलं एक प्रथिन कमी करतो. मग पाणी झिरपतं आणि मेंदू चपटा राहतो. एवढंच माझं काम.

तू सोनोग्राफीचा रिपोर्ट पाठवलास, त्यात 'बाळाच्या मेंदूतल्या पोकळ्या किंचित मोठ्या' असं होतं. मी लगेच लिहिलं, "काळजी नको, आमच्या माशांतही असतं, आपोआप बसतं." घरात सगळे मला डॉक्टर म्हणतात, त्याची चटक लागलीय मला. काल आई कौतुकाने सांगत होती की तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या सोनोग्राफीला तू गेलीच नाहीस. "आमची डाक्टर बोलली काय नाय, मंग परत कशाला जावाचा?" असं म्हणालीस म्हणे. मी ऐकून घेतलं आणि मासळीचा भाव विचारला. लिहिताना लाज वाटतेय.

वहिनी, माझ्या माशांच्या पोकळ्या लहान राहतात, मोठ्या होत नाहीत. आणि आपोआप बसतं हे मी कधी पाहिलेलंच नाही. पिल्लं जरा वाढली की आम्ही ती टाकून देतो.

इथल्या एका डॉक्टरीणबाईंना विचारलं, खऱ्या. बऱ्याचदा काही निघत नाही, म्हणाल्या, पण परत पाहिल्याशिवाय कुणी सांगू नये. बुधवारी सकाळी मी येतेय, आपण दोघी जाऊ. आईला मीच सांगेन, माझं चुकलं म्हणून. तू रागाव, वाटेत एक शब्द बोलू नकोस माझ्याशी. पण तयार होऊन बस.

आत्या होण्याआधीच तुझ्या बाळाशी खोटं बोललेली,
अंकिता