खांड उघडी ठेवायचं ठरलं

आषाढ पौर्णिमा
दुपारच्या उधाणाला बांध फुटून खांड गेली. माणूस आडवा झोपेल एवढीच, पण बांधाला लागून पहिलं शेत आमचं. लावणी होऊन आठवडा नाही, आणि खाडीचं पाणी आत. बांधावरून हाक आली की घरटी एक माणूस घमेलं-कुदळ घेऊन निघतो, ही इथली रीत. आज निघालेही सगळे. ह्यांनीच अर्ध्या वाटेवरून परत फिरवले. हे बांधाचे पंच. ह्यांचा शब्द कोण मोडणार?

व. १
काल विचारलं नाही, आज विचारलं. म्हणाले, "मागच्या खेपंला खांड आपुनच बुजवली. मंग खारभूमीचं साहेब आलं नि म्हनालं, बांध तर चांगला हाय, दगडी बांधाला अनुदान कशाला? आता त्यांच्या डोल्यांनी बघू दे." खोटं नाही बोलत. दगडी बांध झाला तर सगळ्या खारजमिनीचं भलं. पण तोवर माझ्या भाताचं काय?

व. ४
हे पेणच्या कचेरीत जाऊन आले. साहेब सोमवारी येणार, रोह्याहून. येताना पापड आणले, मी न सांगता. म्हणजे मन खातंय.

व. ८, सोमवार
अष्टमीची भांग, म्हणजे भरतीला जोरच नाही, खांडीत जेमतेम गुडघाभर पाणी. बुजवायची तर हेच दिवस. अमावस्येचं उधाण आलं की बघायलाच नको. शेजारची काशी म्हणाली, "आमची मान्सा तयार हायत गो वैनी. पन पंचांच्या घरातनं कोनी निघल्याबिगर कशी निघतील?"
साहेब आले नाहीत. नागोठण्याला पाणी, रस्ता बंद. त्यांचा तरी काय दोष.

व. १०
रोपं शेंड्याकडून पिवळी पडली. एक पान चाटून पाहिलं. खारट. शेतातच बसून रडले, वेड्यासारखी.
जेवताना ह्यांनी मीठ मागितलं. म्हटलं, "शेतातनं आणू?" हे ताटावरून उठले. बोलायला नको होतं. पण बोलले.

व. ११
खांडीतून आता बैलगाडी जाईल. निरोप आला, साहेब अमावस्या झाल्यावर नक्की. तोवर दाखवायला बांध तरी राहणार का? हे म्हणाले, "थांबू. सगल्यांना दगडी बांधाचा शब्द दिलाय."
चूक कळली आहे, तोंडावर दिसते. तरी मागे फिरत नाहीत. त्याचाच राग येतो.

व. १३
दुपारी ओहोटी लागली तशी मी घमेलं घेऊन निघाले. घरटी एक माणूस ना, मग आमच्या घरचं मी. पंचाची बायको पंचाचा शब्द मोडायला चालली... पहिलं घमेलं टाकलं, वाहून गेलं. दुसरंही. काशी आली, तिचा नवरा आला, मग एकेक करून बाकीचे.
मान वर केली तर हे बांधावर, हात पाठीमागे. वाटलं, आता ओरडणार.
"तिथं नको टाकूस गो. आदी पेंढा घाल, मंग चिखल."
एवढंच. खाली उतरले नाहीत. घरीही गेले नाहीत.
काळोख पडेस्तोवर निम्मी खांड बुजली. पाठ धरली आहे.

व. १४
उठले तर हे घरात नाहीत. दाराआडचं घमेलंही नाही. पहाटेच्या ओहोटीला गेले असणार. इतक्या दिवसांनी बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
चहा ठेवला तोच पेणहून फोन. साहेब लवकर, उद्या अमावस्येलाच सकाळी येताहेत, खांड आहे तशीच ठेवा, पंचांना सांगा. "बरं," म्हटलं.
आज खांड बुजवली तर अनुदान गेलं. उद्यावर ठेवली तर उरलेलं भात गेलं, आमचं आणि आमच्या मागच्या शेतांचंही. ह्यांना कळलं तर पुन्हा थांबतील. नाही सांगितलं तर दगडी बांध माझ्यामुळे गेला, हे जन्मभर...
ह्यांची भाकरी बांधून झाली. कुदळ घेऊन बांधाकडे निघते आहे. सांगायचं की नाही, ते तिथे पोचेपर्यंत ठरवायचं आहे.