एकशे अठरावी जागा

रविवार, ३ जून
आजही नाही मिळालं! रिवादाविया पार्कातल्या कार्डांच्या बाजारात, आमच्याकडच्या जूनच्या हिवाळ्यात, कुडकुडत उभा होतो. फुटबॉलपटूंच्या कार्डांच्या अल्बममध्ये आता एकच जागा रिकामी — एकशे अठरा, गोलकीपरची. शाळेत असताना सुरू केलेला अल्बम, साठी उलटली तरी अपुराच. बाजारातल्या बाउदिलियोकडे ते कार्ड आहे. विकत देत नाही, अदलाबदलच हवी. "आन्सेल्मो, डबल कार्डं कसली दाखवतोस? देताना जीव तुटेल असं काहीतरी आण!"
घरी आलो तर बायको, निल्दा, खिडकीशी तशीच. अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. बघवत नाही.

मंगळवार, ५ जून
व्यायाम शिकवायला रोमिना आली होती. दाबायला रबरी चेंडू दिला. निल्दाने तो सरळ जमिनीवर टाकला. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"
जाताना रोमिना दाराशी हळूच म्हणाली, "काका, आत्ता हात चालवला नाही, तर पुढे चालणार नाही. त्यांना आवडेल असं काही शोधा."
कुठे शोधू? शिवण आवडायचं. तेही त्या हाताबरोबरच गेलं.

बुधवार, ६ जून
डबल कार्डं टेबलावर लावत होतो. निल्दा एकदम म्हणाली, "लहानपणी मी गल्लीतल्या सगळ्या पोरांना कफल्लक केलं होतं."
थापटीचा खेळ! कार्ड पालथं ठेवायचं, हाताची वाटी करून वर थापट मारायची. उलटलं की आपलं! चाळीस वर्षांचा संसार, आणि मला हे ठाऊक नाही!
डबल मांडली. तिने डावा हात उचलला. म्हटलं, "उजवा." असं काही बघितलं माझ्याकडे — पण उचलला. दुसऱ्या हाताचा आधार देऊन का होईना, उचलला! कार्ड जागचं हललं नाही.

रविवार, १० जून
कडाक्याचं भांडण. माझीच चूक. कार्डं पटकन उलटावीत म्हणून मी कोपरे हळूच वाकवून ठेवले होते. तिच्या लगेच लक्षात आलं.
"कोपरे वाकवलेस? मला भीक घालतोस, म्हाताऱ्या?"
"तसं नाही गं —"
"आणि ही सगळी डबल! हरलास तरी तुझं काय जातं? खेळायचं तर खरं लाव."
खरं कुठून लावू? बाकीची सगळी चिकटवलेली!

बुधवार, १३ जून
हाताला स्पर्शही करू देत नाही. रोमिनालाही दारातूनच परत पाठवलं. मला भीती वाटते आहे.

रविवार, १७ जून
मिळालं! लहानपणी बाबांनी दिलेलं, अल्बमबाहेर इतकी वर्षं जपलेलं पत्र्याचं गोल कार्ड बाउदिलियोच्या हातावर ठेवलं आणि पाठ फिरवली.
घरी येऊन गोंदाची बाटली काढली. निल्दाने डाव्या हाताने माते, आमचा कडू पानांचा चहा, करून पुढे ठेवला. चार दिवसांत पहिल्यांदा बोलली.
"चिकटवणार?"
"पन्नास वर्षं थांबलोय, निल्दा!"
"चिकटवलं की कार्ड मेलं. मग त्याच्याशी कुणी खेळत नाही."
बाटलीचं झाकण काही उघडलं नाही माझ्याने. गोलकीपर टेबलावर पालथा ठेवला. कोपरे सरळ. तिने डाव्या हाताने कोपरे चाचपून पाहिले.
मारली, हुकली. शिव्या घातल्या — गोलकीपरला, मला, स्वतःच्या हाताला. दमली, थांबली, पुन्हा मारली. आधाराला दुसरा हात नाही! आणि उलटला! उजव्या हाताने, माझ्या देखत उलटला!
"माझा!" म्हणाली, आणि स्वेटरच्या खिशात टाकला. परत मागितला तर म्हणते, "जिंकून घे."
ती हसत होती, मी रडत होतो.

सोमवार, १८ जून
सकाळीच विचारते, "आज काय लावणार?" किटली चढवली. वाफेवर धरून अल्बममधलं पहिलं कार्ड सोडवलं.