नऊ नंबरचा पोरगा नक्की कुणाचा?

ती. रॉयसदाजी यांस,

मेस्कीट वेल्सहून तुमचा धाकटा मेव्हणा हर्शेल याचा टोपी काढून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? ताई फोनवर म्हणाली की बरा आहे, पण ती इतक्या चटकन म्हणाली की माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्याकडे सगळं ठीक. ग्लेना बरी आहे, ट्रक चालतोय, पाऊस नाही. (तुमच्या गावात पडला म्हणतात. तुमच्या गावात सगळंच वेळेवर होतं.)

पत्राला कारण असं की आमच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात कुठंतरी पाणी मुरतंय. बचावाची मधली फळी इतकी वर्षं माझी, हे तुम्ही जाणताच. पुढं धिप्पाड पोरं, त्यांच्या पाठीशी माझे लाइनबॅकर, जे चेंडू घेऊन धावणाऱ्याला आडवं करतात, आणि पार मागं आमचा दुसरा कोच पिकेट याची चपळ पोरं, जी लांबचे पास अडवतात. ज्याची त्याची जागा, ज्याचं त्याचं जेवण. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी माझी पोरं आमच्याकडे ग्लेनानं धुरावर शिजवलेलं ब्रिस्केटचं मांस खाणार आणि पिकेटची पिकेटकडे पास्ता. यंदा बचावाचा नवा मुख्य कोच आला, ब्रिग्ज म्हणून (दाढी अजून नीट आलेली नाही), आणि त्यानं माझ्या फळीतला नऊ नंबरचा वेस्ली पोसी उचलला. म्हणाला, हा आता हायब्रिड, अर्धा लाइनबॅकर आणि अर्धा मागच्या फळीतला.

"मग उभा कुठं राहणार?" मी विचारलं.

"तेच तर समोरच्याला कळू द्यायचं नाही, कोच."

"समोरच्याचं राहू द्या साहेब, मला तरी कळू द्या."

कल्पना वाईट नाही, हे मी मान्य करतो. हल्ली जो तो संघ पास झेलणारी चार-चार पोरं मैदानभर पसरवून ठेवतो, त्यांच्यामागं धावताना माझ्या जड पोरांना धाप लागते. त्यांच्या जागी पिकेटचं हलकं पोर घातलं, तर समोरचे त्याला तुडवून चेंडू पळवतात. वेस्ली मात्र गुरांमागं वाढलेला, धडक देतो आणि पळतोही. समोरचा पास फेकणारा क्वार्टरबॅक चेंडू हातात येण्याआधी आमची माणसं मोजतो आणि वेस्लीपाशी अडतो. याला लाइनबॅकर धरून पास टाकावा, की मागचा धरून चेंडू पळवावा? (आपल्यातच ठेवा, तो आमच्या डावीकडं उभा राहिला की पास अडवायला मागं जातो आणि उजवीकडं राहिला की अंगावर येतो.) पण वेस्ली गेला म्हणजे माझ्या फळीतला एक कमी झाला. ब्रिग्जनं परवा सहज सांगितल्यासारखं सांगितलं की पुढल्या वर्षी दोन्ही फळ्यांना मिळून एकच कोच पुरेल. म्हणजे मी तरी, नाहीतर पिकेट. दाजी, मला दुसरं काही येत नाही. झोप उडाली आहे माझी.

त्यात हा वेस्ली गुरुवारी आमच्याकडे पोटभर जेवतो, "येतो, कोच" म्हणतो आणि थेट पिकेटकडे जाऊन पुन्हा जेवतो. एका शुक्रवारी पिकेट मला म्हणतो, "काल ब्रिस्केट जरा कोरडं झालं होतं म्हणे." आता हे त्याला कुणी सांगितलं? मी गळ टाकला. पुढल्या गुरुवारी वेस्लीच्या कानावर जाईल असं मोठ्यानं म्हणालो की मी आता कोचगिरी सोडून पाण्याचे पाइप विकणार. मग तो निघाल्यावर मागोमाग जाऊन पिकेटच्या खिडकीखालच्या झुडपात बसलो. (पिकेटनं कुत्रा पाळलाय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.)

पिकेट बॅटरी घेऊन बाहेर आला. "हर्शेल? झुडपात काय करताय?"

"वेस्लीला शोधतोय."

"म्हणजे माझ्या घरी कान लावायला तुम्ही नाही पाठवत त्याला? मी हा सबंध मोसम त्याच्यासमोर तोंड उघडलं नाही. आजच मुद्दाम म्हणालो, मी नोकरी सोडतोय, बघू तुमच्यापर्यंत पोचतंय का."

आम्ही दोघं आत बघू लागलो. खिडकीतून वेस्ली दिसत होता, भोपळ्याच्या पेस्ट्रीचा अख्खा तुकडा तोंडात. आत जाऊन त्याला दरडावून विचारलं, तू नक्की कुणाचा? तो म्हणाला, "कोच, तुम्ही दोघं काय बोलता ते मी ऐकतच नाही. मी जेवायला येतो." (ब्रिस्केटचं ग्लेनानंच चर्चमध्ये पिकेटच्या बायकोला सांगितलं होतं.) दोन जाणते कोच एका पोराकडे बघत खिळून राहिले आणि तो मधल्यामधे पेस्ट्री खाऊन गेला. हायब्रिडचं काम काय असतं, ते मला त्या झुडपाशी समजलं.

ताईला नमस्कार, गुडघ्याला जपा.

आपला,
हर्शेल

ता.क. तुमचा लाइनबॅकरांचा कोच ओक्लाहोमाला चालला, असं ताई म्हणत होती. त्या जागेचं काय? पिकेटचंही पत्र आलं असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

ता.क. २ येत्या शुक्रवारी आमचा सामना तुमच्याशीच आहे. वेस्लीच्या डाव्या-उजव्याचं तुम्ही तुमच्या क्वार्टरबॅकला एव्हाना सांगितलंच असेल. ते खरं की खोटं, याचा विचार करत तो क्षणभर थांबला तरी आम्हाला पुरे.

ता.क. ३ नोकरीचं तेवढं खरं आहे, दाजी.