रिकाम्या टोपलीचा युक्तिवाद

प्रिय धाकटीस,

थोरलेपणाच्या अधिकाराने आशीर्वाद, आणि तुझ्या सात पत्रांना मिळून दोन ओळींचे एकच उत्तर धाडल्याबद्दल, तेच थोरलेपण बाजूला ठेवून, क्षमायाचना. तुझे गुडघे कसे आहेत? माझी प्रकृती उत्तम आहे. भूक लागते, झोप येते, वर्तमानपत्रातले शब्दकोडे सुटते. शोकाची म्हणून जी लक्षणे लोक सांगतात, त्यांपैकी एकही माझ्यात आढळत नाही. (कोडे मोठ्याने सोडवण्याची सवय तेवढी राहिली आहे. शब्द अडला की मी विचारतो, आणि मग थोडा वेळ थांबतो.)

आधी तुमचा दादा गेला, मग तुझी ताई, आणि ताईमागोमाग सहा आठवड्यांनी तिची म्हातारी, म्हणजे ती एकोणीस वर्षांची एका डोळ्याची मांजर, जिने मला आयुष्यभर या घरातला भाडेकरू मानले. तीन उदाहरणांवरून सार्वत्रिक नियम काढू नये, हे तर्कशास्त्राच्या वर्गात चाळीस वर्षे मी घसा फोडून सांगितले. तरीही सकाळी एकाच कपाचा चहा टाकताना मी तो नियम काढतो, आणि कप विसळताना मागे घेतो.

मांजर आणायला मी गेलो नव्हतो, हे प्रथम नमूद करतो. म्हातारीच्या खाण्याचे नऊ डबे उरले होते. ते बेवारस जनावरांच्या आसऱ्याला द्यावेत म्हणून तिच्याच वेताच्या टोपलीत भरून नेले. टोपलीच्या तळाशी ताईची जुनी करडी शाल होती (ती काढायची राहून गेली, हात धजावला नाही, असा अर्थ कृपया घेऊ नये). तिथल्या बाई, चष्मा कपाळावर आणि बाह्यांवर सात रंगांचे केस, डबे एकेक करून टेबलावर मांडत होत्या. तेवढ्यात जमिनीवर मोकळे फिरणारे एक मूठभर राखाडी पिल्लू टोपलीत चढले आणि शालीवर तीन गिरक्या घेऊन झोपले. मी खुलासा केला, की टोपली देण्यासाठी आणली आहे, नेण्यासाठी नव्हे. बाई म्हणाल्या, "आजोबा, द्यायचं ते देऊन झालं की! आता टोपली रिकामी. रिकामी टोपली घेऊन इथून कोण जातं?" या विधानात दोन ढळढळीत हेत्वाभास आहेत. घरी पोचल्यावर मला ते दोन्ही सापडले. तिथे एकही सापडला नाही.

मग अर्ज आला. वयाच्या रकान्यात सत्याहत्तर लिहिल्यावर बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "मांजर पंधरा-सोळा वर्षं जगतं, आजोबा. तुम्ही?" मी प्रश्नाच्या सयुक्तिकतेवर हरकत घेतली. "हरकत कागदाच्या मागे लिहा," बाई म्हणाल्या, "आणि पुढे नाव लिहा. तुमच्यामागे याला कोण सांभाळणार?" त्या रकान्यापुढे मी इतका वेळ बसलो, की बाईंनी न विचारताच पाण्याचा पेला आणून ठेवला. अखेरीस पिल्लू मिळाले, पण पंधरा दिवसांच्या बोलीवर.

घरी आल्यापासून पाच दिवस ते ताईच्या शिलाई मशीनमागे बसून आहे. मी खोलीबाहेर गेलो की वाटीतले संपते. मी आत आलो की दोन कान तेवढे दिसतात. ताई जीभ टाळूला लावून म्हातारीला बोलावत असे, तसे मीही करून पाहिले. पिल्लू हलले नाही, शेजारच्या निवृत्त पोस्टमनने मात्र दार उघडून "काही हवंय का हो?" असे विचारले. नाव अजून ठेवलेले नाही. नाव ठेवलेली सगळी जातात, असे माझे सध्याचे मत आहे (वरील नियम पाहावा, आज तो मागे घेतलेला नाही).

असो. गुडघ्यांना जप, जिना कठडा धरून उतर.

तुझा,
भाऊजी

ता. क. अर्ज सोबत जोडला आहे. 'तुमच्यामागे कोण' या रकान्यात, तुला न विचारता, मी तुझे नाव लिहिले आहे. त्याखाली तुझी सही दहा दिवसांत पोचली नाही, तर पिल्लू परत द्यावे लागेल. तुला मांजरांचा तिटकारा आहे, हे मी विसरलेलो नाही. दुसरी नावे आठवून पाहिली. सगळी गेलेल्यांची निघाली.

पुन्हा ता. क. माझ्या त्या दोन ओळींत मी कळवले होते, की हल्ली ऐकू कमी येते, तेव्हा फोन करू नकोस. ते खोटे होते. ऐकू उत्तम येते. अडचण तीच आहे. तुझा आवाज हुबेहूब ताईचा आहे. परवा तू न राहवून फोन केलास. मी तो नेहमीसारखा वाजू दिला, आणि आन्सरिंग मशीनमधून आवाज आला, "अहो भाऊजी, घरातच आहात ना? या की जरा बाहेर!" त्याबरोबर पिल्लू शिलाई मशीनमागून निघाले आणि फोनसमोर येऊन बसले. एका उदाहरणावरून काहीही सिद्ध होत नाही. पण त्याच वेळी स्वयंपाकघरातून मीही बाहेर आलो होतो. म्हणजे उदाहरणे दोन झाली. रविवारी चार वाजता फोन कर. उचलीन. आधी पिल्लाशी बोल. मला जरा वेळ लागेल.