भुईवरची शेगडी

पुरानी बस्ती, रायपूर
१२ ऑगस्ट २००६

चित्राच्या बाबांना उभ्यानंच नमस्कार. वाकायले डॉक्टरनं मनाई केली आहे.

खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं, काळजी करू नका. टाके निघाले. वॉकर धरून अंगणापर्यंत जाते. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, हे मात्र आता जन्मभराचं. जराशी वाकली की नात ओरडते, "नानी, झुकना मना है!"

तुमचं पत्र भेटलं. माझ्या पायाबद्दल एक ओळ, अन् महालक्ष्म्यांचं पुरण कोण करेल याबद्दल पानभर.

डॉक्टरनं विचारलं, किती वर्षांपासून दुखून राहिलं? म्हटलं, अकरा. "घरवालों को मालूम नहीं था?" म्हटलं, मालूम था. अकरा वर्षं मी ओटा बांधा म्हणून राहिली. तुमचं एकच, आईनं शेगडी भुईवर मांडली, ती तिथंच राहील. आई जाऊन नऊ वर्षं झाली, शेगडी काही हालली नाही.

काल चित्राच्या ओट्यापाशी उभं राहून चहा केला. रडायले आलं. पाय दुखला म्हणून नाही.

बीपीची गोळी घेता ना? फडताळात वरच्या खणात आहे.

पाकिटात सुतळी घातली आहे. चित्राच्या ओट्याच्या उंचीची आहे, गवंड्याले द्या. ओटा झाला की कळवा, मी तिकीट काढते. तोवर महालक्ष्म्यांचं पुरण आईच्या शेगडीपाशी बसून तुम्हीच शिजवा. तुमचे दोन्ही खुबे शाबूत आहेत.

मंदाकिनी