तारेच्या टोकाला

प्रिय आयलिफ,

अक्षर बघून दचकू नकोस. उजव्या हाताची दोन बोटं मोडली आहेत, हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून हे डाव्या हातानं लिहिते आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. बेकरीतल्या गमती सांगत सुटतोस आणि मी हसून फोन ठेवते. शिवाय या गोष्टीत मला शब्द खोडता यायला हवेत. आधीचे दोन कागद शेगडीत गेले.

मागच्या आठवड्यातलं वादळ तुमच्याकडे त्रोम्सोपर्यंत पोचलं नसेल. इथे आमच्या बचाव-हेलिकॉप्टरांच्या तळावर त्यानं हँगरचा दरवाजा रुळावरून उचकटला आणि पत्र्याची शेड उचलून गाड्यांवर आपटली. यूस्टाइनच्या नव्या गाडीचं छप्पर बसलं. यूस्टाइन म्हणजे आमचा तारेवरून खाली उतरणारा गडी. माझ्या वाढदिवसाला तुझा केक एकट्यानं संपवला, तोच. चेपलेल्या गाडीकडे बघून म्हणाला, "बरं झालं, बायकोला रंग पसंत नव्हता." आम्ही हसत होतो आणि तेवढ्यात भोंगा वाजला. त्याबद्दल लिहायचं आहे, पण त्याच्याआधी जुनं लिहायला हवं. तू ते माझ्याकडून शंभरदा ऐकलं आहेस. तरी वाच, कारण तू तेव्हा शुद्धीवर नव्हतास.

मी दहा वर्षांची होते, तू सात. तुझ्या हातून धक्क्यावर डिझेलचा डबा कलंडला. बाबांनी वल्ह्याची मूठ तुझ्या डोक्यात डावीकडून हाणली. पहिल्या फटक्याला तू ओरडलास, दुसऱ्याला नाही. आई मध्ये पडली, तर तिला बोटघराच्या भिंतीवर आपटलं. तुझ्या कानातून रक्त येत होतं आणि वादळानं फेरीबोट बंद होती. शेजारच्या बोर्गनी काकूंनी फोन केला आणि हेलिकॉप्टर आलं. काकूंच्या मेंढ्यांच्या कुरणावर उतरायला लागलं तसं कुंपण आडवं झालं, मेंढ्या कोलमडत पळाल्या, बादल्या आणि पत्रे उडाले. आणि बाबा हात पसरून आडवे गेले, "पोरगं माझं आहे, मी बघून घेईन," असं ओरडत. पंख्यांच्या वाऱ्यानं त्यांना उचलून चिखलात फेकलं. उठले, परत पडले. मग गुडघ्यांवर राहिले. आयलिफ, तोवर मला वाटायचं की त्यांना पाडू शकेल असं जगात काही नाही. तू रक्तात पडला होतास आणि मी हसत होते.

लोक विचारतात तेव्हा मी सांगते, लहानपणापासून उडण्याचं वेड होतं. ते खरं आहे. बोटघराच्या छपरावर पालथी पडून मी समुद्रपक्ष्यांचे पंख बघायची, वाऱ्यात ते कुठून वाकतात ते. डब्यांच्या झाकणांचा पंखा केला होता, तो बाबांनी बुटाखाली चिरडला. पण नुसतं उडणं आवडत होतं की त्यांना चिखलात फेकणारा तो वारा, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. रोजनिशीत या प्रश्नाला किती पानं दिली, त्याची मलाच लाज वाटते.

हॉस्पिटलात बाबांनी डॉक्टरला सांगितलं, "धांदरट पोरगं. धक्क्याच्या पायऱ्यांवरून पडलं." डॉक्टरनं ते लिहून घेतलं. तुझा डावा कान बहिरा झाला तो झालाच. त्या रात्री तू शुद्धीवर आल्यावर तुझ्या पट्ट्या बांधलेल्या डोक्याला डोकं लावून मी शपथ घातली आणि तू ती घेतलीस. बाबा पुन्हा कधी पडले तर आपण उचलायचं नाही. कुणीच नाही, कधीच नाही.

विमान दुरुस्तीच्या शाळेत पहिल्याच हिवाळ्यात मी एक बोल्ट तोडला. घरून आईचा फोन आला होता, तिचा ओठ फाटला होता, "दार लागलं" म्हणाली. मी तशीच कार्यशाळेत आले आणि पाना इतका आवळला की बोल्टचं डोकं तुटून हातात आलं. आमच्या हाल्दिस बाईंनी ते डोकं माझ्या तळव्यावर ठेवलं. "मुली, हा कुणाचा गळा समजून आवळलास?" सगळा वर्ग हसला. मग त्यांनी माझ्या हातात मापाचा पाना दिला, ठरलेलं बळ आलं की टक् वाजतो तो. "राग जेवढा आणायचा तेवढा आण. टक् वाजलं की थांब. त्यापुढचा जोर बोल्टला नाही, तुला हवा असतो." आयलिफ, मी पंचवीस वर्षं त्या टक्‌वर जगले आहे. इंजिनं उघडली, पंख्यांची मुळं तपासली, हात कधी घसरू दिला नाही. बाबांच्या हातात तो टक् नव्हता, एवढाच काय तो फरक, असं मी स्वतःला समजावत आले.

आता तो दिवस. आमच्याकडे पद्धत अशी की जो यंत्र तपासतो तोच उडताना दारात बसतो, आणि माणसं उचलायची तार त्याच्याच हातात. सकाळी मी ती तार नेहमीसारखी कापसाच्या बोळ्यातून ओढली होती. एखादा धागा तुटला असेल तर कापूस अडकतो. अडकला नाही. भोंगा वाजला तेव्हा कप्तान सिगवाल्डनं बोटीचं नाव वाचलं. "सोल्वई, दोन माणसं, इंजिन बंद, खडकांकडे सरकते आहे." सोल्वई! आई गेल्यावर बाबांनी बोटीला तिचं नाव दिलं. जिवंतपणी तिला कधी नावानं हाक मारली नाही. सिगवाल्डनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "तुझं कोणी आहे?" मी म्हटलं, "बाप." "मग उतर, मी दुसऱ्याला बोलावतो." दुसरा येईपर्यंत बोट खडकांवर गेली असती, हे त्यालाही ठाऊक होतं. मी पट्टा बांधला. यूस्टाइन म्हणाला, "तुझा बाप तुझ्यासारखाच जड असेल तर दोन फेऱ्या लागतील." मी हसले. हसता आलं, याचं मला अजून नवल वाटतं.

समुद्र बोटीला लाथा घालत होता. एका लाटेनं तिचा कठडा कागदासारखा फाडला, पुढचीनं केबिनच्या काचा फोडल्या. यूस्टाइनला मी खाली सोडलं. जोडीदार कोळ्याचा पाय अडकला होता, म्हणून यूस्टाइननं बाबांना आधी पट्ट्यात अडकवलं आणि एकट्यालाच वर पाठवलं. बाबांचे पाय फळीवरून सुटले, आणि त्याच क्षणी बोट एका अंगावर कलली. तारेचा सैल वेढा डोलकाठीला बसला. हेलिकॉप्टर बोटीला बांधलं गेलं. अशा वेळी नियम सरळ आहे. तार सुटत नसेल तर तोडायची, नाहीतर पुढच्या लाटेला सगळेच खाली जातात. कापायचं बटण माझ्या अंगठ्यापासून वीतभर होतं. सिगवाल्डचा आवाज कानात आला, "गुनवोर, तोडायची का? बोल!" खाली तारेच्या टोकाला बाबा डोलकाठीवर आपटत होते. मी म्हटलं, "थांब." आणि तार सोडली, भराभर, हात पोळेपर्यंत. बाबा पाण्यात गेले. डोक्यावरून लाट गेली आणि ते दिसेनासे झाले.

हे बरोबर होतं. ढील दिली की वेढा सुटू शकतो, आम्हाला तसंच शिकवतात. नंतर सगळ्यांनी पाठही थोपटली. पण तुला खरं सांगते, ते पाण्याखाली असताना मला आनंद झाला. कुरणावर झाला होता तसाच. काम आणि आनंद एकाच हातातून गेले आणि मला ते वेगळे करता येत नाहीत. तो हात बटणाकडे गेला असता तरी कुणी दोष दिला नसता. तू तर नाहीच. मग बोट दुसऱ्या अंगावर कलली, वेढा डोलकाठीवरून उडाला, आणि मी तार ओढायला लागले. शपथ आठवत होती. ओढत होते.

दारात आले तेव्हा ते भांडत होते. बुडता माणूस भांडतोच. मला धक्का दिला, शिरस्त्राणावर गुद्दे घातले, "सोड, भडव्या, सोड!" पट्ट्याच्या कडीतून मी त्यांना सोडवत होते, तेव्हा माझी बोटं पकडून मागे पिळली. हाडांचा आवाज मला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला. माझा डावा हात आपोआप उगारला गेला, मूठ वळली होती. समोर माझ्या शिरस्त्राणाच्या काचेपलीकडे त्यांचं तोंड होतं, निळं, दात नसलेलं. मी ती मूठ उघडली आणि त्यांना गळपट्टीला धरून आत फेकलं. जरा जास्तच जोरात. मग दुसऱ्या, राखीव तारेवर जोडीदाराला आणि यूस्टाइनला घेतलं, मोडक्या बोटांनीच. सोल्वई खडकांवर फुटली.

बाबांचं खुब्याचं हाड मोडलं आहे, डोलकाठीवर आपटून. काल भेटायला गेले. हेल्मेट आणि काळी काच असते, त्यामुळे दारात कोण होतं ते त्यांना ठाऊक नाही, आणि कुणी सांगितलेलं नाही. नर्सला म्हणत होते, "तो तारवाला पोरगा कोण होता? मर्द आहे. त्याला मोठा हलिबट मासा देणार मी." मग त्यांची नजर माझ्या प्लास्टरवर गेली. म्हणाले, "कुठे आपटलीस? लहानपणापासून धांदरटच तू." मी उभी राहिले. सगळं अगदी तोंडाशी आलं होतं. आत कुठेतरी टक् वाजलं, आणि मी कोट घालून निघाले.

तुला लिहायचं कारण आता. ते यापुढे एकटे राहू शकत नाहीत आणि त्यांना वृद्धाश्रम नको आहे. "दोन पोरं आहेत मला," असं त्यांनी नगरपालिकेच्या बाईंना सांगितलंय. बाईंनी मला विचारलं, मी नाही म्हणाले. त्या समंजस आहेत, गोड बोलतात, आणि या आठवड्यात तुला फोन करतील. तू मऊ आहेस, पावाच्या पिठासारखा. तू हो म्हणशील, आणि तुझ्या स्वयंपाकघरात तो माणूस तुझ्या मुलांशेजारी बसेल. म्हणून शपथ मोडल्याचं माझ्याकडून कळावं. मी त्यांना उचललं, आयलिफ, आपल्या दोघांच्या वाटचं, आणि त्यात काही शिल्लक ठेवलं नाही. तुझ्याकडे कुणाचं काही देणं नाही. बाईंचा फोन आला की घे, नम्रपणे घे. फक्त तो डाव्या कानाला लाव.

तुझीच,
गुनवोर