तुझ्या गाडीची अकरा कलमं

तीर्थस्वरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कार कागदावरचाच मानून घे. काल अर्धा दिवस तुझ्या गवत कापायच्या गाडीखाली आडवा होतो. आज पुन्हा जमिनीला टेकलो तर उठवायला दोन माणसं लागतील.) तुझ्या खुब्याचं हाड कसं आहे? काठी घेऊन चालतोस का, की अजून खुर्चीतूनच हुकूम सोडतोस? वहिनींची तब्येत बरी असेलच. लेकीकडे तुमची बडदास्त चांगली चालली आहे असं ऐकतो. चालू दे. आम्ही इथे मरतोय.

आता मुद्द्यावर येतो, कारण माझं डोकं फिरलं आहे. तू इथून गेलास तो ‘तीन महिन्यांसाठी’. आपल्या दोन घरांमधल्या कुंपणापाशी खुर्ची थांबवायला लावून तूच मला सांगितलंस. आणि परवा तुझं पाकीट आलं, त्यात मायेचा शब्द एक नाही, नुसती यादी: ‘गाडी दीर्घ मुदतीसाठी बंद करून ठेवण्याबाबत, कलमं एक ते अकरा’. दीर्घ मुदत म्हणजे किती रे? डॉक्टरांनी तुला काय सांगितलं ते मला कुणी कळवत नाही. मला फक्त कलमं येतात!

बरं, मी कलमं पाळली. लहानपणापासून तू सांगायचं आणि मी करायचं, ही खोड आता साठीनंतर कुठे जाणार. कलम एक: बॅटरी काढून घरात कोरड्या जागी ठेवणे. काढली, बोटं सोलून घेतली, ठेवली. कलम दोन: जुनं तेल काढणे. काढलं (अर्धं डब्यात, अर्धं बाहीत). कलम तीन: पात्यांखालचं वाळलेलं गवत खरवडणे. त्यासाठीच अर्धा दिवस गाडीखाली होतो. कलम चार: उंदीर शिरू नयेत म्हणून धुराच्या नळीत चिंधी कोंबणे. कोंबली, ठासून. आणि मग, दादा, कलम पाच: ‘टाकी रिकामी होईपर्यंत इंजिन चालवणे.’ बॅटरी कपाटात, तेल डब्यात, नळीत बोळा, आणि इंजिन चालवणे! त्याखाली कलम सहा: ‘तेल काढण्यापूर्वी इंजिन दहा मिनिटं गरम करावे.’ तेल काढण्यापूर्वी! मग ते दोनच्या आधी लिहायला तुझे हात कुणी धरले होते?

शेवटी गल्लीच्या टोकावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने यादी वाचली आणि बादली उपडी घालून तिच्यावर बसून हसला. म्हणाला, काका, ही कामाच्या क्रमाने नाही, महत्त्वाच्या क्रमाने लिहिली आहे. चाळीस वर्षं कचेरीत हेडक्लार्क होतास ना, तिथे लोकांचे अर्ज का रखडायचे ते मला काल कळलं.

मग सगळं उलटं. बॅटरी परत, नवं तेल आत, चावी फिरवली. बोळ्याची आठवण दोघांनाही राहिली नाही. गाडी दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा बोळा असा सुटला की दोरीवर वाळत घातलेल्या हिच्या पांढऱ्या चादरीवर काजळीसकट जाऊन चिकटला. ही तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलते. पुढे टाकी संपवायची, तर ती काठोकाठ भरलेली! (भरलीस तूच. भरून उतरताना शेडच्या पायरीवरून पडलास ते विसरलास वाटतं. दीर्घ मुदतीसाठी जाणारा माणूस टाकी भरतो का?) दोन तास मी गाडीवर बसून अंगणात गोल गोल फिरत होतो. गवत संपलं, माती दिसायला लागली, पेट्रोल काही संपेना. समोरच्या बाई खिडकीतून विचारतात, काही हरवलंय का. आणि संपलं तेव्हा मी नेमका पार खालच्या कुंपणाशी. तिथून ती गाडी चढावर ढकलत आणली, मी, मेकॅनिक आणि मोजकंच बोलणारी ही.

असो. आता गाडी शेडमध्ये झाकून ठेवली आहे, चाकांखाली विटा, नळीत नवा बोळा. तुझं काम झालं. यापुढे मला कलमं पाठवू नयेत ही विनंती. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा संतापलेला,
धाकटा

ता. क. कलम अकरा: ‘दोन वर्षांत मी न आल्यास गाडी मेकॅनिकला देऊन टाकावी.’ ते मी मेकॅनिकला वाचू दिलं नाही. यादी त्याच्या हातात देण्याआधीच तेवढा तुकडा फाडून टाकला. असलं काही पुन्हा लिहिलंस तर मी तुझा भाऊ नाही.

ता. क. २. भाऊजी, हे टपालात टाकायला यांनी आठवड्यापूर्वी माझ्याकडे दिलं, ते आज टाकतेय, म्हणून दोन ओळी. गाडी झाकून ठेवलेली नाही. दुसऱ्याच दिवशी यांनी विटा काढल्या, बोळा काढला, पेट्रोल आणून भरलं, आणि आता रोज संध्याकाळी जाऊन पाच मिनिटं चालू करून बघतात. दादा आला की लगेच लागेल म्हणतात. डॉक्टर काय म्हणाले ते खरं असेल तसं कळवा, पण पत्र माझ्या नावावर पाठवा.